कलेजीने बरा होणारा आणि न होणारा रातांधळेपणा

सासुरवाडीला गेलेल्या रातांधळ्या जावयाची गोष्ट आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हसत सांगितली जाते. अंधार पडल्यावर आपले बिंग फुटू नये म्हणून तो गोठ्याकडे परतणाऱ्या जनावराचे शेपूट धरून घर गाठतो आणि रात्री ताटात रेडकाने तोंड घातले असे वाटून वाढायला आलेल्या सासूलाच रट्टा हाणतो. गोष्ट थट्टेची असली तरी तिच्यातले निरीक्षण चुकीचे नाही. दिवसा हा माणूस चारचौघांसारखा वावरतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही, आणि त्याची बहुतेक शक्ती दोष लपवण्यातच खर्च होते. हा दोष त्याला का जडला, हे मात्र गोष्ट सांगत नाही; आणि रातांधळेपणाचा पुढचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरला आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकाराला नक्तांध्य म्हटले आहे. दृष्टीत कफ साठल्याने रात्री दिसत नाही आणि दिवसा सूर्यामुळे कफ कमी झाला की दिसू लागते, अशी त्याची उपपत्ती दिली आहे. उपचार मोठा लक्षणीय आहे: घोरपडीचे यकृत अर्धे चिरून त्यात पिंपळी भरायची, ते विस्तवावर शिजवायचे आणि रोग्याला द्यायचे, बोकडाचे यकृतही याच रीतीने वापरावे. ग्रीक वैद्यकातही बैलाचे यकृत मधाबरोबर खाण्यास सांगितले आहे. कफाची उपपत्ती आज मागे पडली, पण यकृताचा उपाय खरा ठरला, आणि तो खरा का, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

१८७६ मध्ये फ्रांझ बोल या शास्त्रज्ञाला असे आढळले, की अंधारात ठेवलेल्या बेडकाच्या डोळ्याचा आतला पडदा तांबडा असतो आणि उजेड लागताच तो फिका पडत जातो. हा रंग ऱ्होडॉप्सिन या द्रव्याचा. माणसाच्या डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी असतात. मंद प्रकाशात त्याच कामाला येतात आणि त्यांचे काम या द्रव्यावर चालते. उजेडात ते विरते, अंधारात पुन्हा तयार होते. म्हणूनच उन्हातून अंधाऱ्या माजघरात शिरल्यावर नजर पुरती स्थिरावायला निरोगी माणसालाही वीस ते तीस मिनिटे लागतात. १९१३ मध्ये मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोणी व अंड्याच्या बलकातील एक वाढीचा घटक शोधला, ज्याला पुढे ‘अ’ जीवनसत्त्व हे नाव मिळाले, आणि १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना तेच जीवनसत्त्व डोळ्याच्या पडद्यात सापडले; ऱ्होडॉप्सिन बनायला तेच लागते. शरीर आपला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा मुख्यतः यकृतात करते. घोरपडीचे असो वा बोकडाचे, त्या कलेजीत हाच साठा होता.

याच सुमारास वॉलेस आयक्रॉइड या डॉक्टरांनी आजच्या कॅनडातील न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडॉरच्या कोळ्यांमधील रातांधळेपणाची नोंद केली. यकृत खाल्ले की बरे वाटते, हे त्या कोळ्यांना ठाऊक होतेच. शिवाय उन्हात जाण्यापूर्वी ते एका डोळ्यावर पट्टी बांधत आणि रात्री त्या झाकून ठेवलेल्या डोळ्याने पाहत. ज्याच्याजवळ ऱ्होडॉप्सिन मुळातच थोडे, त्याने ते दिवसा उधळू नये, हा हिशेब त्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेविना मांडला होता. हेच आयक्रॉइड १९३५ ते १९४५ या काळात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. पुढे डॉ. वि. ना. पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, १९५८ मध्ये, ही संस्था हैदराबादला हलली आणि नंतर राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस सहा महिन्यांच्या अंतराने देण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला, तेथील कामाच्या आधारावर, १९७० मध्ये सुरुवात झाली. यकृत साठा करते, म्हणूनच इतके अंतर चालते. आज अंगणवाडीत खुणेच्या चमच्याने पाजले जाणारे पिवळसर औषध ते हेच: नवव्या महिन्यात गोवरच्या लसीबरोबर १ लाख एकके, नंतर दर सहा महिन्यांनी २ लाख, पाचव्या वर्षापर्यंत एकूण नऊ डोस. त्या संस्थेचे दीर्घकाळ संचालक राहिलेले डॉ. सी. गोपालन यांनीच पुढे सरसकट डोस देत राहण्याला विरोध केला आणि पालेभाज्या, फळे व दूध यांवर भर द्यावा असे आग्रहाने मांडले. मला त्यांचे म्हणणे पटते. पण शेवग्याचा पाला परसात असूनही तो लेकराच्या पानात पडत नाही, हेही तितकेच खरे आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत काही बायकांना संध्याकाळनंतर दिसेनासे होते, तेही बहुधा याच कमतरतेमुळे. पण बाळंतपणानंतर ते आपोआप जाते म्हणून पुष्कळ घरांत ती तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

कलेजीच्या या यशाने एक घोटाळाही केला: सगळाच रातांधळेपणा तिने बरा होतो, असे वाटू लागले. दक्षिण फ्रान्समधील जाँ नुगारे हा १६३७ मध्ये जन्मलेला रातांधळा माणूस पेशाने खाटीक होता. त्याच्या घरी कलेजीची वाण नक्कीच नसणार, तरीही त्याच्या वंशात हा दोष पिढ्यानपिढ्या उतरत गेला, आणि १८३८ मध्ये ती वंशावळ प्रसिद्ध झाली. डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये बनवल्यावर काही रातांधळ्यांच्या पडद्यावर काळे, हाडाच्या पेशींसारख्या आकाराचे डाग दिसू लागले. हा रेटिनायटिस पिगमेंटोसा, डॉक्टरांच्या बोलीत ‘आरपी’. यात दंडाकार पेशीच हळूहळू मरतात. साधारण चार हजारांत एकाला तो असतो, आणि नात्यातल्या लग्नांत त्याच्या काही प्रकारांची शक्यता वाढते, कारण आई आणि बाप दोघांकडेही तोच दोषी जनुक असण्याचा संभव तेथे अधिक असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी असलेल्या आपल्या मुलखाने हे ध्यानात ठेवायला हवे. १९९० मध्ये ऱ्होडॉप्सिनच्याच जनुकातील दोष काही कुटुंबांत सापडला. आरपीई६५ या जनुकाच्या दोषात तर ‘अ’ जीवनसत्त्व शरीरात असते, पण डोळ्यातील त्याची फेरवापराची साखळी तुटलेली असते, म्हणून कितीही कलेजी खाल्ली तरी अंधार तसाच राहतो. या एका जनुकापुरत्या उपचाराला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

याशिवाय मोतीबिंदू, तीव्र लघुदृष्टी, मधुमेहात पडद्यावर केलेले लेझर उपचार, काचबिंदूवरची, डोळ्याची बाहुली आक्रसवणारी काही औषधे, यांनीही रात्रीची नजर मंदावते; त्यामुळे रात्री दिसत नाही एवढ्या तक्रारीवरून निदान होत नाही.

आरपी असलेला तरुण दुपारी डोळे तपासण्याच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचतो आणि दिवेलागणीला मोटारसायकल लावून ठेवतो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग, खिशात बॅटरी आणि समारंभातून ‘काम आहे’ म्हणून लवकर निघणे एवढ्यावर तो वर्षे काढतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ त्याची दखल घेतो ती दृष्टीचा परीघ ४० अंशांहून कमी झाल्यावर अल्पदृष्टी म्हणून आणि १० अंशांहून कमी झाल्यावर अंधत्व म्हणून. तोवर, संध्याकाळी सातनंतर कोणाचा तरी हात धरावा लागत असला, तरी कागदोपत्री तो डोळस असतो.