पहिला स्कोप घेताना झूमच्या आकड्याला भुलू नका

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला रायफल नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि थोड्याच वेळात कोल्हापूरहून मामांचा फोन. आनंद व्यक्त करून झाल्यावर म्हणाले, "आरं, त्या पोराच्या बंदुकीवर दुर्बीणच न्हाई की! तू तर तिकडं पगाराची दुर्बीण घेऊन बसलायस."

बरोबरच होतं त्यांचं. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत मोठं करून दाखवणारा स्कोप (रायफलवरची दुर्बीण) चालतच नाही. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढं धरा, आणि ते पीप साइटच्या बारीक भोकातून बघून मारायचं. म्हणजे अचूकपणा काही झूममधून येत नाही. मग स्कोप नेमकं करतो काय, हे आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

साध्या साइटनं नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एकदम बघाव्या लागतात, मागची खाच, पुढचा काटा आणि लांबचं टार्गेट, आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो, बाकीचं धूसर. (चाळिशीनंतर तर काटाच दिसायचा बंद होतो, पण ते असो.) स्कोपमध्ये पुढचं भिंग टार्गेटची प्रतिमा नळीच्या आतच तयार करतं आणि क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, बरोबर त्या प्रतिमेच्या जागी बसवलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकदम स्वच्छ दिसतात. ही आयडिया बंदूकवाल्यांची नाही बरं का, खगोलवाल्यांची. साधारण १६४० च्या आसपास विल्यम गॅस्कॉइन नावाच्या इंग्रजाच्या दुर्बिणीत कोळ्यानं जाळं विणलं, आणि त्याला ते धागे ताऱ्याइतकेच स्पष्ट दिसले, कारण कोळ्यानं नेमकी प्रतिमेचीच जागा पकडली होती!

आता माझी चूक. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, इथं रीतसर लायसन काढून हरणाची शिकार करता येते (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद आहे, आणि बरंच आहे). नेमबाजीच्या रेंजवर पण मारायचं आणि सीझनला जंगलात पण जायचं म्हणून मी ६-२४x५० घेतला, म्हणजे ६ ते २४ पट झूम आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. म्हटलं जास्त झूम म्हणजे जास्त चांगला. रेंजवर २४ पटीवर लावलं तर टार्गेट कमी आणि माझ्या छातीचे ठोकेच जास्त दिसायला लागले, प्रत्येक ठोक्याला क्रॉसहेअर उडतोय, वर तापलेल्या जमिनीवरची हवा अशी थरथरत होती की कागद पाण्यात पडल्यासारखा वाटत होता. जंगलात तर वेगळीच मजा. ४० यार्डांवर हरीण आलं, मी स्कोप डोळ्याला लावला, कमीत कमी ६ पट, म्हणजे तेवढ्या अंतरावर जेमतेम दोन मीटरचा भाग दिसणार. मला नुसती तपकिरी झाडं दिसली, मग तपकिरी केस, मग परत झाडं, आणि हरीण गेलं. शेजारचे आजोबा जुना ४ पटीचा फिक्स स्कोप वापरतात, ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

उजेडाचं गणित तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथं सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढी शिकारीची वेळ असते आणि हरणं नेमकी त्या दोन टोकांनाच बाहेर पडतात. स्कोप हातभर लांब धरून आकाशाकडे बघा (सूर्याकडे नको, आणि स्कोप रायफलवरून काढलेला असू दे), मागच्या भिंगात एक उजेडाची छोटी चकती दिसेल. उजेड डोळ्यात शिरतो तो तेवढ्याच चकतीतून. तिचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम. ४० चं भिंग ४ पटीवर असेल तर १० मिलिमीटर, ९ पटीवर ४.४. झूमची रिंग फिरवा, चकती डोळ्यादेखत बारीक होत जाते. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरच्या आसपास उघडते, वय वाढलं की पाचेक. म्हणजे माझा ५० चा भारी स्कोप २४ पटीवर फक्त २ मिलिमीटरची चकती देत होता, आणि संध्याकाळी त्यातून अंधारच दिसत होता.

भिंगावरचं कोटिंग पण बघा. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. आठ भिंगं धरली तर सोळा पृष्ठभाग, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वाटेतच गेला. म्हणून "फुल्ली मल्टिकोटेड" (सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थरांचं कोटिंग) लिहिलेलं असेल तर घ्या. ३० मिलिमीटरची नळी घेतली की जास्त उजेड येतो असं दुकानदार सांगतात, तसं काही नाही, तिच्यात क्रॉसहेअर वरखाली करायला जागा जास्त मिळते एवढंच.

पॅरलॅक्सबद्दल (म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकल्यासारखा दिसतो ते) पुण्या-मुंबईत एअर रायफलवर स्कोप बसवणाऱ्यांनी तरी नीट वाचा. बऱ्याच शिकारी स्कोपचं पॅरलॅक्स फॅक्टरीतच १०० यार्डांवर पक्कं केलेलं असतं. त्यापेक्षा जवळच्या टार्गेटची प्रतिमा क्रॉसहेअरच्या जागी पडत नाही, थोडी मागेपुढे पडते, त्यामुळे डोळा मध्यापासून हलला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकतो. रिकामी रायफल उशीवर ठेवून, तिला हात न लावता नुसतं डोकं हलवून बघा. ४० च्या भिंगाचा असा स्कोप १० मीटरवर वापरला तर चूक जास्तीत जास्त १८ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा! तेव्हा १० मीटरपर्यंत खाली येणारी पॅरलॅक्सची रिंग असलेलाच घ्या. आणि स्प्रिंगची एअर रायफल असेल तर तिच्यासाठीच बनवलेला स्कोप घ्या, कारण ती आधी मागे आणि लगेच पुढे असा उलटा झटका देते, आणि मोठ्या रायफलवर वर्षानुवर्षं टिकणारे स्कोप त्या उलट्या झटक्यानं आतून खिळखिळे होतात.

क्लिकचं (क्रॉसहेअर सरकवायची खुंटी फिरवताना येणारा एकेक टप्पा) सोपं आहे. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर. गोळ्या ७ सेंटिमीटर खाली लागल्या तर दहा क्लिक वर, मात्र एका गोळीवरून ठरवू नका, तीन मारा आणि त्यांचा मध्य धरा.

आता माझ्याकडे साधा ३-९x४० आहे आणि जंगलात तो ४ वरच असतो. किंमत जुन्याच्या निम्मी, काच मात्र सरस.

एक राहिलंच, आय रिलीफ. डोळा आणि मागचं भिंग यांच्यात ९-१० सेंटिमीटर अंतर हवं. बसवताना डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे, आणि पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप मागेपुढे सरकवून मगच स्क्रू आवळायचे, तेही झूम सगळ्यात जास्त ठेवून. जुना स्कोप मी घाईत बसवला होता, फार मागे. पहिल्याच गोळीला रायफल मागे आली आणि भुवईवर मस्त अर्धा चंद्र उमटला. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मामांनी विचारलंच, "काय रं, भुवईला काय लागलं?" मी म्हटलं, दार लागलं.