1 टीबीची डिस्क 931 जीबीच का दाखवते? (आमच्याकडून काही घेण्याआधी एकदा वाचा)

नवी डिस्क घरी नेऊन कॉम्प्युटरला लावली की दहा मिनिटांत आम्हाला फोन येतो, अहो बॉक्सवर 1 टीबी लिहिलंय आणि इथे 931 जीबीच दिसतंय, वापरलेली डिस्क दिलीत की काय? नाही हो. डिस्क नवीच आहे आणि पूर्ण आहे. हे इतक्या वेळा सांगून झालंय की म्हटलं आता छापूनच देऊ.

गंमत अशी की डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज 1024 ने. बनवणाऱ्यांच्या हिशोबात 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट, 1 टीबी म्हणजे 1 लाख कोटी बाइट, आणि तेवढे बाइट डिस्कवर खरंच असतात. विंडोज त्याच आकड्याला तीनदा 1024 ने भागतं, उत्तर येतं 931, आणि पुढे जीबी लिहून मोकळं होतं. कॉम्प्युटरचं सगळं दोनाच्या पटीत चालतं, 2 ला दहा वेळा घेऊन गुणलं की 1024 येतात, ते हजाराच्या जवळ म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हणायला सुरुवात केली. केबीत फरक अडीच टक्क्यांच्या आतच होता म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, पण प्रत्येक पायरीला तो वाढत जातो, जीबीला 7 टक्के आणि टीबीला जवळपास 10. 1998 मध्ये 1024 वाल्या मापाला किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली गेली, पण काउंटरवर अजून एकानेही 'एक गिबीबाइट द्या' म्हटलेलं नाही.

मॅक 2009 पासून हजाराने मोजतो, त्यामुळे हीच डिस्क मॅकला लावलीत तर पूर्ण 1 टीबी दिसेल. रॅमचं उलट आहे, 8 जीबी रॅम म्हणजे 1024 च्याच हिशोबाने 8.

घरी चेक करायचं तर बॉक्सवरचे जीबी गुणिले 0.93 करा. 500 चे 465, 64 च्या पेनड्राइव्हचे साधारण 59. थोडं इकडेतिकडे चालतं, पण 64 च्या जागी 29 दिसले तर मात्र सरळ घेऊन या, तिथे काहीतरी गडबड आहे.

आता दुसरा घोळ, आणि खरं तर हाच जास्त महाग पडतो. इंटरनेटचा स्पीड बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये असते, 8 बिटचा 1 बाइट. म्हणजे 200 एमबीपीएसच्या (सेकंदाला 200 मेगाबिटच्या) लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त 25 एमबी उतरणार, 200 नाही. आम्ही तर तोंडी हिशोबात 8 ऐवजी 10 ने भागतो, कारण थोडा स्पीड वाटेतच खर्च होतो आणि भागाकारही सोपा जातो.

सीसीटीव्ही बसवताना हे लक्षात नाही ठेवलं तर डिस्कचा अंदाज पार चुकतो. समजा एक कॅमेरा 4 एमबीपीएसने रेकॉर्ड करतो. म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. ऐकायला काहीच नाही, पण दिवसात 86,400 सेकंद असतात, झाले 43 जीबी रोजचे, चार कॅमेऱ्यांचे 173, म्हणजे 1 टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही आणि मग जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जायला लागतं. महिनाभराचं ठेवायचंय? सव्वापाच टीबीच्या आसपास लागेल, म्हणून 6 टीबीची डिस्क घ्या. फक्त हालचाल झाली की रेकॉर्ड करायचं असं सेटिंग ठेवलं तर बरंच कमी लागतं, पण रहदारीच्या दारावर त्याचा फारसा फायदा नाही, तिथे हालचाल चालूच असते.

तेव्हा डिस्क विचारायला येताना कॅमेरे किती, प्रत्येकाचं एमबीपीएस किती आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग हवंय एवढं लिहून आणा, भागाकार आम्ही करतो.