नर गिनीपिगची अंघोळ आणि निगा

पाळीव गिनीपिगच्या (केव्हिया पॉर्सेलस) नराचे अंग, केस, नखे, शेपटीच्या जागेवरची तेलग्रंथी आणि जननेंद्रियाचा भाग स्वच्छ ठेवणे म्हणजे त्याची निगा राखणे. पाण्याने घालायच्या अंघोळीचा या कामातला वाटा अगदी थोडा आहे. बहुतेक काम आठवड्यातून एकदा नराला मांडीवर घेऊन, त्याला उताणा-पालथा करून नीट पाहण्याचे आणि दोन-तीन ठरावीक जागा पुसण्याचे असते. मादीच्या तुलनेत नराच्या या जागा जास्त घाण धरतात, त्यामुळे त्याच्या निगेचा वेगळा विचार करावा लागतो.

गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतप्रदेशातला कृंतक प्राणी. तिथल्या लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला. त्याच्याच कुळातला कॅपिबारा आयुष्याचा मोठा भाग पाण्यात काढतो, पण गिनीपिग कोरड्या गवताळ जमिनीवरचा आहे. तो पाण्यात पडला तर पोहतो, मात्र भेदरून. त्याला पोहायला सोडण्याची हौस कोणी करू नये.

आपले अंग तो स्वतः साफ करतो. पुढचे पंजे तोंडावरून फिरवणे, अंग चाटणे, दातांनी केस विंचरणे हे त्याचे दिवसभर चालू असते. मधूनच त्याच्या डोळ्यांतून दुधासारखा पांढरा द्रव येतो आणि तो पंजांनी तोंडाला फासून तोंड धुतो. पहिल्यांदा पाळणारे हे पाहून घाबरतात, पण हा डोळ्यांचा आजार नाही. चिकट, पिवळसर स्राव सतत येत असेल किंवा डोळ्याभोवती खपली धरत असेल तर मात्र पशुवैद्याला दाखवावे. पिंजऱ्याला येणारा वास बहुतेक वेळा नराच्या अंगाचा नसून मुताने भिजलेल्या अंथरणाचा असतो. अशा वेळी त्याला अंघोळ घालून उपयोग नाही, अंथरण बदलावे लागते.

तेलग्रंथी : गिनीपिगला बाहेर दिसणारी शेपटी नसते. शेपटी जिथे असायला हवी होती, त्या माकडहाडाच्या टोकाशी त्वचेत एक तेलग्रंथी असते. तिचे काम नर-संप्रेरकावर चालत असल्यामुळे ती नरात मोठी आणि जास्त पाझरणारी असते. नर आपले ढुंगण जमिनीवर घासत चालतो आणि या तेलाचा वास मागे ठेवून आपली हद्द आखतो. दुसरा नर किंवा मादी जवळ आली की घशातून घुरघुर काढत, डुलत डुलत चालण्याची त्याची जी ऐट असते, तिच्यातही हे घासणे हमखास दिसते.

या तेलात धूळ आणि गळालेले केस मिसळले की तिथे तपकिरी-काळा, मेणासारखा थर बसतो. केस एकमेकांना चिकटून त्यांच्या टोकदार बटा होतात, बोट लावले तर तेलकट लागते. थर वाढत गेला की खालची त्वचा लाल होते, कधी तिला जखम होते. काढायची रीत सोपी आहे. खोबरेल तेलाचे किंवा खनिज तेलाचे दोन-चार थेंब त्या जागी लावावेत, पाच-दहा मिनिटे मुरू द्यावेत आणि बोटाच्या टोकाने हळूहळू चोळावे. मेण सुटू लागले की कापसाने पुसून घ्यावे. उरलेले तेल काढायला लहान प्राण्यांसाठीचा सौम्य शाम्पू थेंबभर लावून कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे आणि ती जागा कोरडी करावी. एका बैठकीत सगळे निघाले नाही तर दोन-तीन दिवसांत थोडे थोडे काढावे. कोरडा थर नखाने ओरबाडला तर केसांबरोबर त्वचाही सोलली जाते. काही नरांना हे दर महिन्याला लागते, काहींना वर्षभर लागत नाही. खच्ची केलेल्या नरांत स्राव पुष्कळ कमी होतो. त्या जागी टणक गाठ, सूज, पू किंवा रक्त दिसले तर ते साफसफाईने बरे होणारे नाही. गिनीपिगच्या पाठीच्या मागच्या भागात केसांच्या मुळांपासून होणाऱ्या गाठी बऱ्याचदा आढळतात, त्या पशुवैद्यालाच तपासू द्याव्यात.

गुदाजवळची पिशवी : गुद आणि जननेंद्रिय यांच्यामध्ये त्वचेची एक घडी असते. तिची पिशवी बनते आणि तिच्यातही वासाचा स्राव तयार होतो. गवताच्या काड्या, अंथरणाचे कण, केस हे सारे तिथे जाऊन बसते. तरुण नर ती जागा स्वतः साफ ठेवतो. वय वाढले की गुदाभोवतीच्या स्नायूंचा जोर कमी होतो आणि मऊ लेंड्या त्या पिशवीत साचू लागतात. वयस्क नरांच्या निगेतला सर्वांत किचकट आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

गिनीपिगच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. कोरड्या, टणक लेंड्या बाहेर पडतात. मऊ लेंड्या तो थेट गुदातून तोंडात घेऊन खातो, कारण त्यांतून त्याला ब गटातली जीवनसत्त्वे मिळतात. पिशवी ढिली झालेल्या नरात कोरड्या लेंड्या निघून जातात, पण मऊ लेंड्या आतच चिकटून त्यांचा हिरवट-काळा, उग्र वासाचा गोळा बनतो. तो आपोआप पडत नाही आणि त्या लेंड्यांतले पोषणही वाया जाते. अशा नराला टॉवेलवर, पाठ आपल्या छातीला टेकवून बसवावे आणि मागच्या पायांना आधार द्यावा. पिशवीच्या कडेला थोडे खनिज तेल लावून दोन्ही बाजूंनी हळू दाबले की गोळा बाहेर येतो. मग कोमट ओल्या कापसाने घडीच्या आतली कड पुसून घ्यावी. स्नायू एकदा सैल झाले की सहसा पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे हे काम दोन-तीन दिवसांनी, पुढे पुढे रोज करावे लागते. वाळलेले गवत भरपूर आणि रसाळ फळे कमी दिल्याने लेंड्या घट्ट राहतात. रोजची ही पाच मिनिटे मिळाली तर असा नर आरामात जगतो. कंटाळा केला तर आठवड्याभरात त्याचे खाणे मंदावते.

शिश्न आणि वृषण : नराच्या शिश्नाभोवतीच्या त्वचेत पांढरट मळ साठतो, कधी केस किंवा गवताची काडी अडकते. महिन्यातून एकदा पाहणे पुरे. मूत्रद्वाराच्या किंचित वर, पोटाच्या बाजूला बोटाने हलका दाब दिला की शिश्न बाहेर येते. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने ते पुसावे आणि आपोआप आत जाऊ द्यावे. टोकाशी दोन बारीक, टोकदार काट्यांसारखे भाग दिसू शकतात. ते नैसर्गिक आहेत, काडी समजून ओढू नयेत. नराचे वीर्य बाहेर पडताच घट्ट होते आणि त्याचा रबरासारखा पांढरट गोळा केसांना चिकटतो. तो कोमट पाण्याने भिजवून सोडवावा, नाहीतर चिकटलेले केस कात्रीने कापावेत. शिश्न आत जात नसेल तर ते पाण्यात विरघळणाऱ्या वंगणाने ओलसर ठेवून ताबडतोब दवाखाना गाठावा. मुतताना चिरकणे किंवा मुतात रक्त दिसणे हे मूतखड्याचे लक्षण असू शकते, तेव्हा तेही घरी सांभाळण्याचे प्रकरण नाही.

वयात आलेल्या नराचे वृषण ठळक फुगलेले असतात आणि तो ते आत ओढूनही घेऊ शकतो. त्यामुळे ते कधी दिसतात, कधी दिसत नाहीत, यात आजार नाही. खरखरीत अंथरणावर त्या जागेची त्वचा घासली जाते. साप्ताहिक तपासणीत तिथे ओरखडा आहे का, हे पाहावे.

अंघोळ : आखूड केसांच्या निरोगी नराला पूर्ण अंघोळ वर्षातून एक-दोनदा पुरते आणि अंग घाण झालेच नाही तर अजिबात नसली तरी चालते. वारंवार धुण्याने त्वचेचे तेल जाते, कोंडा होतो, खाज सुटते. आजारी, खूप म्हातारे किंवा नुकतेच जन्मलेले जनावर धुऊ नये. माणसाचा शाम्पू, कुत्र्या-मांजरांसाठीची पिसवानाशक औषधे आणि टी ट्री तेल वापरू नये. चिंचिला या दाट केसांच्या लहान कृंतकाला लोळवतात तसे धुळीत लोळवणेही गिनीपिगसाठी नाही, ती धूळ त्याच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांत जाते.

उबदार, वाऱ्याचा झोत नसलेल्या खोलीत पसरट टबाच्या तळाशी टॉवेल अंथरावा म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी कोमट आणि 3 ते 4 सेंमी खोल असावे. डोके आणि कान कोरडे ठेवून पेल्याने पाठीवर पाणी सोडावे, थोडा शाम्पू लावून पूर्ण धुऊन काढावा. शाम्पूचा अंश राहिला तर जनावर तो चाटते. बहुतेक वेळा फक्त मागचा भाग पाण्यात टेकवून धुतला तरी भागते आणि मला तीच पद्धत जास्त योग्य वाटते, कारण तिच्यात भीती कमी आणि वाळवणेही सोपे. नंतर दोन-तीन टॉवेलांनी टिपून घ्यावे, मुळापर्यंत कोरडे करावे. ड्रायर वापरायचा तर सर्वांत कमी उष्णतेवर, दूर धरून आणि त्याच्या आवाजाने जनावर बिथरत नसेल तरच. ओले अंग घेऊन पिंजऱ्यात सोडलेला नर गारठतो.

जोडीने राहणाऱ्या दोन नरांपैकी एकालाच धुतले तर त्याचा ओळखीचा वास जातो. परतल्यावर दुसरा त्याला हुंगतो, घुरघुरतो, कधी चढाई करतो. दोघांना एकाच दिवशी धुणे आणि कोरड्या, मोकळ्या जागेत एकत्र सोडणे बरे. दात वाजवणे सुरू झाले तर मध्ये हात न घालता टॉवेल टाकून त्यांना वेगळे करावे.

केस आणि नखे : अमेरिकन जातीच्या आखूड केसांना आठवड्यातून एकदा मऊ ब्रश पुरतो. अ‍ॅबिसिनियनच्या अंगावर केसांचे भोवरे असल्याने ब्रश त्या त्या भोवऱ्याच्या दिशेने फिरवावा. पेरुव्हियन, शेल्टी, टेक्सेल या लांब केसांच्या जातींना रोज विंचरावे लागते. नराचे ढुंगणाभोवतीचे केस आखूड कापून ठेवावेत, नाहीतर ते मुताने भिजून जटा बनतात. जट ओढून सोडवू नये. कात्रीचे टोक त्वचेपासून दूर धरून ती कापावी. पुढच्या पायांना चार-चार आणि मागच्यांना तीन-तीन अशी एकूण 14 नखे असतात. तीन ते सहा आठवड्यांनी त्यांची टोके कापावीत. फिकट नखात आतली गुलाबी शीर दिसते. काळ्या नखात मागून टॉर्च धरावा. चुकून रक्त आले तर कॉर्नफ्लॉर दाबून धरल्याने थांबते.

खाज आणि परजीवी : केस गळणे, खपल्या, सतत खाजवणे यांवर अंघोळ हा इलाज नाही. ट्रिक्साकेरस केव्हिई या गोचिडवर्गीय किड्याने होणारी खरूज इतकी त्रासदायक असते की जनावराला झटके येतात, आणि तिचे किडे त्वचेच्या आत असतात. नायटा माणसालाही लागतो, म्हणून गोल, खपलीदार चट्टा दिसला की हातमोजे घालावेत. क जीवनसत्त्व गिनीपिगचे शरीर बनवू शकत नाही. ते आहारातून कमी पडले तरी केस राठ होतात. उन्हाळ्यात ओल्या, घाणेरड्या ढुंगणावर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. अशा नराला त्याच तासाला दवाखान्यात न्यावे. खरजेवरचे औषध पशुवैद्य वजनाप्रमाणे ठरवतात आणि अंड्यांवर ते चालत नसल्याने काही दिवसांनी पुन्हा देतात. एका पिंजऱ्यातल्या सगळ्या गिनीपिगना ते एकदमच द्यावे लागते आणि पिंजराही त्याच दिवशी धुऊन अंथरण टाकून द्यावे लागते.