पार्श्वभूमी : बीसीआर-एबीएलचा टक्का आणि त्याखालचा छेद

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या फाइलमध्ये दर तीन महिन्यांनी एक कागद लागतो. त्यावर लिहिलेलं असतं : बीसीआर-एबीएल, आंतरराष्ट्रीय मापपट्टीनुसार ०.०८ टक्के. बीसीआर-एबीएल हे या आजाराला कारण असलेलं जोडजनुक. गोळी तीच ठेवायची की बदलायची, हे बरंचसं या आकड्यावर ठरतं. तो कॅन्सर रुग्णालयाच्या मॉलिक्युलर बायोलॉजी प्रयोगशाळेत तयार होतो. टक्का म्हटला की छेद आला, आणि हा टक्का कशाचा, हे ठरायला चाळीसहून अधिक वर्षं गेली.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या आजाराच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. त्याला शहराचं नाव मिळालं आणि उरलेला तुकडा नाहीसा झाला असावा असं धरलं गेलं. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रोली यांनी गुणसूत्रांवर पट्टे उमटवणाऱ्या रंगतंत्राने तो तुकडा शोधून काढला : क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले होते. पुढच्या दशकात ९ वरचं एबीएल जनुक २२ वरच्या बीसीआरला जोडलं जातं हे कळलं. या जोडजनुकाचं एन्झाइम बंदच होत नाही, त्यामुळे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. एवढ्या एका जोडणीने उंदरांना हा आजार होतो, हे १९९० मध्ये सिद्ध झालं.

तोवर रुग्णालयात मोजमाप म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं पाहणं. बोन मॅरोतल्या विभाजन पावणाऱ्या साधारण २० पेशी तपासायच्या. वीसपैकी एक सापडली तर ५ टक्के. त्याखाली नजर पोचत नाही. हे एन्झाइम रोखणारी इमॅटिनिब ही गोळी येईपर्यंत हे चालून गेलं. त्याच्या चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या, मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि बहुसंख्य रुग्णांचं फिलाडेल्फिया गुणसूत्र दिसेनासं झालं. औषध इतकं चांगलं निघालं की जुनं माप अपुरं पडलं. शून्याच्या खाली किती खोल, हे मोजणं भाग होतं.

ते काम रिअल-टाइम पीसीआरने, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवत त्या वाढतानाच मोजणाऱ्या तंत्राने केलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून जनुकांची नक्कल असलेला आरएनए काढायचा, त्यातला साधारण १ मायक्रोग्रॅम घेऊन सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) बनवायचा, मग ९५ अंशांवर १५ सेकंद आणि ६० अंशांवर १ मिनिट अशी सुमारे ५० आवर्तनं. प्रती वाढल्या की नळीत चमक येते; ती जितक्या लवकर दिसेल तितक्या मूळ प्रती जास्त. पण हाती आलेला आरएनए दर वेळी सारखा नसतो. म्हणून त्याच नमुन्यात एबीएल जनुकाच्या प्रतीही मोजतात आणि बीसीआर-एबीएलला त्यांनी भागतात. हाच तो छेद.

आमच्या मते अहवालात सर्वात कमी वाचली जाणारी आणि सर्वात महत्त्वाची ओळ या एबीएल-प्रतींच्या आकड्याची आहे. एबीएलच्या ३२,००० प्रती मोजल्या असतील आणि बीसीआर-एबीएलची एकही सापडली नसेल, तर आजार ०.००३२ टक्क्यापर्यंत खाली गेला असं म्हणता येतं. प्रती १०,००० असतील तर ०.०१ टक्क्यापर्यंत. आणि १,०००च असतील, तर ‘आढळले नाही’ या शब्दांना फारसा अर्थ नाही. तो नमुना पुन्हा मागवायला हवा.

छेद कमी का पडतो, याची कारणं बहुधा यंत्रापर्यंत पोचण्याआधीचीच असतात. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत हवं. हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपारिन पीसीआर अडवतं. नळी थेट बर्फाला टेकली तर पेशी फुटतात, आणि हिमोग्लोबिनही तसाच अडथळा आणतं. आरएनए नाजूक असतो. शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं रक्त सोमवारी पोचलं, तर एबीएलचा आकडाच ते सांगतो. उलटी चूक दूषितीकरणाची. आधीच्या पीसीआरचा अदृश्य थेंब नव्या नळीत गेला की बऱ्या होत आलेल्या रुग्णाचा आजार परतल्यासारखा दिसतो. म्हणून मिश्रण बनवण्याची खोली वेगळी, पीसीआरनंतरची वेगळी, आणि तिथला एप्रन किंवा पिपेट मागे आणायचा नाही. प्रत्येक खेपेला नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी लावतात; तिच्यात चमक आली तर ती सगळी खेप रद्द. तिसरी चूक निदानाच्या दिवशीची : जोडणीचा प्रकारच पाहिलेला नसतो. नेहमीची चाचणी पी२१० या सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या प्रकाराची असते. रुग्णाचा प्रकार पी१९० असेल, तर भरपूर आजार असूनही ती शून्य दाखवते.

एवढं सांभाळूनही दोन शहरांतले आकडे जुळत नसत. इमॅटिनिबच्या मोठ्या चाचणीसाठी अॅडलेड, सिअॅटल आणि लंडन इथल्या प्रयोगशाळांनी ३० नव्या रुग्णांचे नमुने मोजून एक पायारेषा ठरवली होती. पुढे तिलाच १०० टक्के धरलं, आणि तिच्या हजारपट खाली ०.१ टक्का हा टप्पा आला. म्हणजे इथले १०० टक्के त्या रुग्णाचे स्वतःचे नसतात, त्या पायारेषेचे असतात. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १०, १, ०.१ आणि ०.०१ टक्क्यांच्या आसपासचे गोठवून सुकवलेले प्रमाणित नमुने मान्य केले. आज प्रयोगशाळा अशा मापांशी ताडून आपला रूपांतर-गुणक, म्हणजे स्वतःचा आकडा आंतरराष्ट्रीय मापपट्टीत आणणारा गुणक, काढते. चाचणीचं किट किंवा पद्धत बदलली की गुणकही नव्याने काढावा लागतो. याच कारणाने एका रुग्णाच्या तपासण्या एकाच ठिकाणी कराव्यात असं सांगतात.

भारतात या कामाची गरज गोळीबरोबर वाढली. इथल्या कंपन्यांची स्वस्त इमॅटिनिब आधीच बाजारात होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि ती बाजारात टिकली. गोळी वर्षानुवर्षं घ्यायची म्हणजे तपासणीही वर्षानुवर्षं आली : तिसऱ्या महिन्याला १० टक्के किंवा त्याखाली, वर्षाला ०.१ च्या आत. आकडा वर चढू लागला की आधी गोळ्या चुकल्या का हे विचारायचं, मग एबीएलमध्ये टी३१५आयसारखा बदल झाला आहे का ते पाहायचं. या बदलावर इमॅटिनिब चालत नाही.

अलीकडे छेदाला आणखी वजन आलं आहे. फ्रान्समध्ये दीर्घकाळ आजार न सापडलेल्या १०० रुग्णांची गोळी थांबवून पाहिली, तेव्हा साधारण चाळीस टक्क्यांत तो परतला नाही. ज्यांच्यात परतला, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांत पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून गोळी थांबवल्यावर या महिन्यांत दर महिन्याला रक्त जातं, आणि ०.१ ओलांडला की गोळी लगेच सुरू करायची असते. अहवाल वेळेत हातात नसेल, तर गोळी थांबवू नये.