झेडझेड लायडन

झेडझेड लायडन : नेदरलँड्समधील लायडन या शहराचा व्यावसायिक बास्केटबॉल क्लब. स्थापना २००६. मूळ नाव बी. एस. लायडन. घरचे सामने ‘फेइफ मेइहाल’ या सुमारे दोन हजार प्रेक्षकांच्या सभागृहात होतात. देशातील विजेतेपद क्लबने २०११, २०१३ आणि २०२१ मध्ये मिळवले, तर बेल्जियम व नेदरलँड्स यांच्या संयुक्त स्पर्धेचे पहिलेच विजेतेपद २०२२ मध्ये पटकावले.

लायडनची लोकवस्ती जेमतेम सव्वा लाखाची. शाळेत विज्ञान शिकलेल्यांना हे नाव ‘लायडन जार’मुळे, तर संस्कृत व भारतविद्येच्या अभ्यासकांना तिथल्या केर्न संस्थेमुळे माहीत असते. देशातले सर्वांत जुने विद्यापीठ (१५७५) इथेच आहे. खेळाच्या बाबतीत मात्र नेदरलँड्समध्ये फुटबॉलपुढे बाकी सगळे दुय्यम. बास्केटबॉलच्या वाट्याला प्रेक्षक, दूरचित्रवाणीवरचा वेळ आणि पैसा हे सगळेच थोडे येते. त्यामुळे इथे व्यावसायिक क्लब काढणे एक वेळ जमते, तो टिकवणे कठीण जाते.

या अडचणीचे मूळ प्रायोजकत्वात आहे. तिकीटविक्रीवर संघ चालत नाही, म्हणून एखाद्या कंपनीचा आधार घ्यावा लागतो आणि त्या बदल्यात संघाच्या नावाआधी कंपनीचे नाव लागते. करार संपला की नावही बदलते. ग्रोनिंगेनचा डोनार हा देशातला नावाजलेला क्लब, पण एका काळात तो ‘एमपीसी कॅपिटल्स’, मग ‘हान्झेफास्ट कॅपिटल्स’, मग ‘गॅसटेरा फ्लेम्स’ या नावांनी खेळला. डेन बॉशचा संघ कधी नाशुआ, कधी आयफेलटॉवर्स, कधी एसपीएम शूटर्स. नाव बदलून निभावले ते सुदैवीच म्हणायचे. अ‍ॅमस्टरडॅमच्या संघाने १९९९ ते २००९ या काळात अनेकदा विजेतेपद मिळवले, तरी २०११ मध्ये तो बंद पडला. नव्वदच्या दशकात विजेतेपदे पाहिलेल्या डेन हेल्डर या बंदराच्या गावात पुढे ‘किंग्ज’ नावाचा नवा संघ उभा राहिला, आणि २०१४ मध्ये हंगाम चालू असतानाच त्याचे दिवाळे निघाले.

लायडनमध्येही याआधी असेच घडले होते. १९७८ मध्ये ‘पार्कर लायडन’ या नावाने शहराचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला होता, पण ती परंपरा टिकली नाही. २००६ मध्ये क्लब नव्याने स्थापन झाला आणि त्याच वर्षी थेट सर्वोच्च श्रेणीत उतरला.

नव्या क्लबला आधार मिळाला तो ‘झोर्ख एन झेकरहेइट’ या आरोग्य विमा संस्थेचा. संघाच्या नावातील दोन झेड तिच्याच आद्याक्षरांचे आहेत. आरंभी संस्थेचे पूर्ण नाव लावले जाई. संस्थेचे मुख्यालय लायडनमध्येच आहे. योगायोग असा की, १ जानेवारी २००६ पासून नेदरलँड्समध्ये आरोग्य विम्याचा नवा कायदा लागू झाला. प्रत्येक रहिवाशाने विमा घेणे बंधनकारक झाले आणि दर वर्षी विमा कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. त्या वर्षापासून विमा संस्थांना ग्राहक टिकवण्यासाठी धडपडावे लागले. आपल्या परिसरातले ग्राहक राखायचे असलेल्या प्रादेशिक संस्थेला गावच्या संघाच्या छातीवर नाव झळकवणे सोयीचे होते, असे म्हणायला हरकत नाही. कारण काहीही असो, त्या संस्थेचे नाव संघाला चिकटून राहिले, आणि डच बास्केटबॉलमध्ये एवढी सलगता विरळाच.

घरचे सभागृहही तेच राहिले. ५ मे १९४५ रोजी नेदरलँड्स जर्मन ताब्यातून मुक्त झाले. त्या तारखेवरून (डच भाषेत ‘फेइफ मेइ’) शहरातल्या एका रस्त्याला आणि या सभागृहाला नाव मिळाले आहे. लहान सभागृहाचा एक फायदा असतो. दोन हजार माणसे आली की ते गच्च भरते आणि पाहुण्या संघाला घाम फुटतो. तोटा उघड आहे : संघ कितीही जिंकला तरी तिकिटांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही.

क्लबचे पहिले सुवर्णयुग प्रशिक्षक टोन फान हेल्फ्टेरेन यांच्या काळातले. २०१० मध्ये राष्ट्रीय चषक, २०११ मध्ये लीगचे विजेतेपद, २०१२ मध्ये पुन्हा चषक आणि २०१३ मध्ये पुन्हा लीग. २०१३ च्या अंतिम मालिकेत लेउवार्डेनच्या आरिस संघाला हरवले. याच फान हेल्फ्टेरेन यांनी नंतर राष्ट्रीय संघाला २०१५ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत नेले. १९८९ नंतर नेदरलँड्स प्रथमच तिथे पोहोचले होते.

या चार वर्षांत सर्वाधिक आठवणीत राहिला तो २०११ चा शेवटचा सामना. अंतिम फेरी सात सामन्यांची, चार जिंकणारा विजेता. समोर ग्रोनिंगेनचा फ्लेम्स. सहा सामन्यांनंतर तीन-तीन अशी बरोबरी. सातव्यातही निकाल लागेना. युरोपीय नियमांनुसार सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा असतो आणि बरोबरी झाली की पाच मिनिटे वाढवून दिली जातात. इथे ती तीनदा वाढवावी लागली, म्हणजे घड्याळाची चाळीस मिनिटे पंचावन्नवर गेली. एवढ्या लांबलेल्या खेळात चढाईच्या आखणीपेक्षा फाउलचा हिशेब जड होतो. पाच फाउल झाले की खेळाडू कायमचा बाहेर. त्यामुळे अखेरच्या मिनिटांत प्रशिक्षकाला हवा तो नव्हे, तर उरला तो संघ उतरवावा लागतो. लायडनने सामना ९६–९५ असा एका गुणाने जिंकला. अख्ख्या हंगामाचा निवाडा एका गुणावर व्हावा, असे कोणत्याही क्रीडाप्रकारात क्वचितच घडते.

डच क्लबांचा कणा दर वर्षी बदलतो. अमेरिकी विद्यापीठांतून बाहेर पडलेले तरुण एका हंगामाच्या करारावर येतात, चांगले खेळले की श्रीमंत लीगमध्ये निघून जातात. म्हणूनच वर्षानुवर्षे राहणाऱ्या खेळाडूचे मोल अधिक. लायडनमध्ये तो मान वर्दी दे योंग यांचा. १९८८ मध्ये सुरिनामच्या पारामारिबोत जन्मलेल्या या खेळाडूने कारकिर्दीचा मोठा भाग या क्लबमध्ये घालवला. पुढे ते तीन-विरुद्ध-तीन प्रकाराकडे वळले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२४ रोजी यजमान फ्रान्सविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला, तेव्हा सुवर्णपदक निश्चित करणारा दोन गुणांचा फटका त्यांचाच होता : १८–१७.

२०१३ नंतर आठ वर्षे लीगचे विजेतेपद लायडनकडे आले नाही. त्या काळात डोनारने चारदा बाजी मारली, २०१९ मध्ये झ्वोलेचा लांडस्टेडे जिंकला आणि २०२० चा हंगाम करोनामुळे विजेता न ठरवताच आटोपला. मधल्या काळात लायडनच्या हाती २०१९ चा चषक तेवढा लागला. त्याच वर्षी प्रशिक्षकपदी खेर्ट हामिंक आले. अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात ते पुढे विख्यात झालेल्या शकील ओ’नील यांच्या संघात होते, आणि १९९३ मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या ऑरलँडो मॅजिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांची पहिल्या फेरीत निवड केली होती. एनबीएमध्ये त्यांना फारसे सामने मिळाले नाहीत. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी २०२१ मध्ये लायडनला लीग जिंकून दिली.

त्याच वर्षी बेल्जियम व नेदरलँड्स या दोन्ही देशांच्या लीग एकत्र येऊन बीएनएक्सटी लीग सुरू झाली. दोन्हीकडचे क्लब स्वबळावर पुरेसा पैसा उभा करू शकत नव्हते, हे या एकत्रीकरणामागचे उघड कारण. राष्ट्रीय विजेतेपदे कायम ठेवून त्यांच्यावर एक संयुक्त विजेतेपद ठेवण्यात आले. बेल्जियममधले ओस्टेंड, अँटवर्प यांसारखे क्लब तुलनेने तगडे, म्हणून डच संघांकडून फारशी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात २०२२ च्या पहिल्याच अंतिम फेरीत दोन्ही संघ डच निघाले. लायडनने डोनारला हरवून ते विजेतेपद घेतले.