अमेरिकेची जपानवरील तेलबंदी (१९४१)

चीन व आग्नेय आशियात जपानने चालवलेल्या आक्रमणाला आवर घालण्यासाठी अमेरिकेने १९४१ च्या उन्हाळ्यात जपानचा तेलपुरवठा तोडला. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या निकटच्या कारणांत या तेलबंदीची गणना होते.

त्याआधी जवळजवळ दहा वर्षे अमेरिकेचा विरोध बहुतांशी कागदोपत्रीच राहिला. १९३२ मध्ये परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी मांचुरियातील (ईशान्य चीन) जपानने बळजबरीने घडवलेल्या सत्तांतराला मान्यता नाकारली, पण व्यापार चालूच होता. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी विमानांनी यांगत्से नदीत नानजिंगजवळ ‘पनाय’ ही अमेरिकी गनबोट बुडवली. बोटीवरील एका वृत्तपट-छायाचित्रकाराने हा हल्ला टिपला होता. मात्र विमाने अगदी डेकच्या उंचीवरून जाताना दाखवणारा सुमारे ३० फूट लांबीचा भाग अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सांगण्यावरून कापल्यानंतरच तो चित्रपटगृहांत झळकला, कारण तो भाग पाहणाऱ्याला ‘ओळखण्यात चूक झाली’ हा जपानचा खुलासा पटणे कठीण होते. जपानने माफी मागून सुमारे २२ लाख डॉलर भरपाई दिली आणि प्रकरण मिटले. लोकांचा रोष मात्र मिटला नाही. अनेक स्त्रियांनी जपानी रेशमाचे मोजे टाकून सुती मोजे वापरायला सुरुवात केली, तर पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत चिनी वंशाच्या अमेरिकनांनी जपानला जाणाऱ्या भंगार लोखंडाविरुद्ध निदर्शने केली.

सरकारी पातळीवर खरी सुरुवात जुलै १९३९ मध्ये झाली. १९११ चा व्यापारी करार संपवण्याची नोटीस अमेरिकेने दिली आणि जानेवारी १९४० मध्ये तो संपुष्टात आला. त्याच वर्षी निर्यात-नियंत्रणाचा कायदा झाला आणि जपानी सैन्य उत्तर इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया; तेव्हा फ्रेंच वसाहत) शिरताच भंगार लोखंडाची निर्यात थांबली. तेलाबाबत मात्र हात आखडता होता. ८७ व त्याहून अधिक ऑक्टेनचे (पेट्रोलच्या प्रतीचे माप) विमानी पेट्रोल बंद झाले खरे, पण त्याखालच्या प्रतीवरही जपानी विमानांचे काम भागत होते. जपानची सुमारे ८० टक्के तेलाची गरज अमेरिकाच भागवत असल्याने ते एकदम तोडल्यास जपान डच ईस्ट इंडीजच्या (आजचा इंडोनेशिया) तेलविहिरींवर झडप घालील, ही रूझवेल्ट यांची भीती निराधार नव्हती.

जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायना व्यापल्यावर २६ जुलैला जपानची अमेरिकेतील मालमत्ता गोठवण्यात आली. कागदावर ही संपूर्ण बंदी नव्हती, कारण परवाना काढून तेल घेता येणार होते. परंतु खरेदीसाठी लागणारे गोठवलेले डॉलर मोकळे करणे परराष्ट्र खात्याचे डीन अ‍ॅचेसन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या समितीच्या हाती होते आणि तिने ते मोकळे केलेच नाहीत. परवान्याची वाट खुली ठेवूनही तेलाचा थेंब जाऊ नये, ही किमया धोरणापेक्षा कारकुनी अंमलबजावणीची होती. ती रूझवेल्ट यांना कितपत अभिप्रेत होती, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. ब्रिटन व डच सरकारनेही तोच मार्ग धरल्याने जपानपुढे साठा संपण्याआधी माघार घेणे किंवा लढणे एवढेच उरले.

चीन व इंडोचायनातून सैन्य काढून घ्यावे, अशी मागणी करणारे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांचे २६ नोव्हेंबरचे टिपण जपानी दूतांच्या हाती पडले, तेव्हा हवाईकडे जाणारा जपानी नौदलाचा ताफा आधीच निघालेला होता. पर्ल हार्बरवरील ७ डिसेंबरच्या त्या हल्ल्याचा हेतू दक्षिणेकडील तेलाच्या मोहिमेत अमेरिकी आरमाराने आडवे येऊ नये, हा होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी छत्रीधारी सैनिक सुमात्रातील पालेम्बांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळ उतरले.