रिव्हरवर बेट कधी लावायची : एका नियमाची पार्श्वभूमी

पोकरच्या होल्डेम या प्रकारात टेबलावरचं सगळ्यांच्या सामाईक पानांपैकी पाचवं पान उघडलं, म्हणजे रिव्हर आली, की हात सुधारायची आशा संपते. आता बेट (पैज) लावायची की चेक करायचं, म्हणजे पैसे न टाकता थांबायचं, एवढंच उरतं. मुरलेले खेळाडू सांगतात : जबर हातावर लावा, अगदीच फालतू हातावर अधूनमधून लावा, मधल्या हातावर गप्प बसा.

हा नियम लास व्हेगासच्या टेबलावरून आलेला नाही. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये दोघांच्या खेळांचा मूलभूत सिद्धान्त मांडला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचं एक छोटं रूप सोडवून दाखवलं : खेळाडू दोन, बेटची फेरी एक. थोडक्यात, रिव्हरच. होल्डेम व्हेगासला पोचलं ते १९६०च्या दशकात!

दिवाळीत पंचवटी-सिडकोत तीन पत्तीवर हात बसलेल्या नाशिककराला यातला ‘गप्प बसा’ जड जातो. तीन पत्तीत फुकट थांबायची सोयच नाही. चाल करा नाहीतर पॅक व्हा. शो मागायलाही पैसे टाकावे लागतात. त्यामुळे मधल्या हातावर चाल करायची सवय अंगात भिनते, आणि पोकरमध्ये तीच नडते.

समजा टेबलावर बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर चौकी, चौकट गुलाम, इस्पिक दुर्री आहे. तुमच्याकडे गुलाम-दश्शी. बेट लावलीत तर तुमच्याहून हलके बहुतेक हात पानं टाकतील आणि कॉल करेल, म्हणजे तेवढेच पैसे टाकेल, तो बहुधा राजावाला. चेक केलंत तर नव्वीच्या जोडीला फुकटात हरवाल. बदामची सत्ती-छक्की असेल तर गोष्ट उलटी : शोमध्ये ती कोणालाच हरवणार नाही, म्हणून ब्लफ, म्हणजे पानं नसताना लावलेली बेट, तिच्यावरच परवडतो.

ब्लफ किती करायचे, हे बेटच्या आकारावर ठरतं. पॉट, म्हणजे टेबलावर जमलेले पैसे, ४०० आणि बेटही ४०० असेल, तर समोरच्याला ८०० जिंकायला ४०० टाकावे लागतात. तीनांत एकदा जिंकला तरी त्याची बरोबरी होते. म्हणून दोन खऱ्या बेटांमागे एक ब्लफ. बेट २०० असेल तर तीनांमागे एक. म्हणजे मोठ्या बेटमागे ब्लफ जास्त हवेत. घरगुती टेबलांवर मला नेमकं उलटं दिसतं.

पॉटहून मोठी बेट मात्र बराच काळ उतावळेपणाच समजली जायची. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिकांना १,२०,००० हातांत हरवलं, आणि अशा अवाढव्य बेटा त्याने बिनदिक्कत लावल्या. त्यानंतर माणसंही त्या धीटपणे लावू लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं. हिशोब तोच, फक्त आता बिनपैशांच्या चिप्सवर.